आधी व्रणित, मग वातरोगी

खुब्याचे सांधेरोपण ही आता केवळ महानगरांतील संपन्न वर्गापुरती मर्यादित शस्त्रक्रिया राहिलेली नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी ती सर्रास होऊ लागली आहे. ऊर्वस्थीच्या मस्तकाचा रक्तपुरवठा खंडित झाल्यामुळे खुबा निकामी झालेले ऐन उमेदीतील रुग्ण, दीर्घकाळच्या संधिविकाराने खुबा जखडलेले रुग्ण आणि न्हाणीघरात पाय घसरून हाड मोडलेले वृद्ध, असे सर्व प्रकारचे लोक या शस्त्रक्रियेला सामोरे जातात आणि बहुधा आठवड्याच्या आतच घरी परततात. रुग्णालयात परिचारिका वेळेवर औषध देते, भौतिकोपचारतज्ज्ञ हाताला धरून चालवितो. घरी आल्यावर यांपैकी कोणीच जवळ नसते. रात्री मांडी ठणकू लागते आणि घरातील माणसे ज्यांना निःसंकोच दूरध्वनी करता येतो अशा माणसाला, म्हणजे घरच्या वैद्याला, विचारतात. प्रश्न ठरलेले असतात : "वैद्यराज, तेल चोळू का? गोळ्या फार उष्ण पडतात, बंद करू का?"

या दोन प्रश्नांना आपण जे उत्तर देतो, त्यावर त्या रुग्णाचे पुढील सहा आठवडे अवलंबून असतात. म्हणूनच या विषयावर आपल्या व्यासपीठावर स्पष्ट बोलले जावे असे वाटते. प्रस्तुत लेखकाचे मत थोडक्यात असे : सांधेरोपणानंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत रुग्ण हा प्रथम व्रणित असतो, वातरोगी नंतर. हा क्रम ज्या वैद्याने ध्यानात ठेवला तो रुग्णाची वेदना खरोखर हलकी करू शकतो. ज्याने तो उलटा केला त्याच्या हातून, हेतू कितीही शुद्ध असला तरी, अपाय होण्याचा संभव आहे.

वेदना कशाची?

इंग्लंडमधील राइटिंग्टन रुग्णालयात सर जॉन चार्नली यांनी १९६२ साली आजच्या स्वरूपाचे खुब्याचे सांधेरोपण रूढ करण्यास आरंभ केला. २००७ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकातील एका लेखाने या शस्त्रक्रियेला शतकातील शस्त्रक्रिया असे संबोधिले. हा गौरव अनाठायी नाही. वर्षानुवर्षे जांघेत ठणकणारी, रात्री झोपू न देणारी सांध्याची जुनी वेदना या शस्त्रक्रियेने बहुतांश रुग्णांत नाहीशी होते. मात्र तिच्या जागी काही काळ एक नवी वेदना येते. रुग्ण हा फरक स्वतःच सांगतात : जुने दुखणे खोल होते, हे दुखणे जखमेचे आहे.

या नव्या वेदनेला कारणेही तशीच आहेत. शस्त्रक्रियेत त्वचा व मांस छेदले जाते, स्नायू बाजूला ओढून धरले जातात, सांध्याचे आवरण उघडले जाते, ऊर्वस्थीचे मस्तक कापून काढले जाते, खोबण कोरली जाते व हाडाच्या पोकळीत धातूचा दांडा बसविला जातो. यानंतर मांडीला सूज येते. साकळलेले रक्त खाली उतरून गुडघ्यापर्यंत, कधी पोटरीपर्यंत काळेनिळे डाग पडतात. स्नायूंना पेटके येतात. पाठीतून दिलेल्या भुलेचा अंमल असेतो रुग्णाला काही जाणवत नाही. त्यामुळे "मला तर काहीच दुखत नाही" असे म्हणणारा रुग्ण त्याच रात्री कळवळू लागतो. पहिले दोन-तीन दिवस वेदना सर्वांत तीव्र असते. पुढे ती उतरत जाते, परंतु सरळ रेषेत नव्हे. घरी आल्यावर हालचाल वाढते आणि एखादा दिवस पुन्हा जड जातो. व्यायामानंतर ठणका वाढणे व विश्रांतीने तो ओसरणे हे या काळात अपेक्षितच आहे. एवढी माहिती आधी मिळाली तरी रुग्णाची निम्मी भीती जाते, कारण दुखते आहे म्हणजे बसविलेला सांधा निसटला असावा ही शंकाच त्याला अधिक छळत असते.

तेलाचा मोह

आपल्या परंपरेत वेदना म्हटली की वात आठवतो. वाताशिवाय रुजा नाही हा सुश्रुताचार्यांचा सिद्धांत प्रत्येक विद्यार्थ्याला पाठ असतो. अस्थी हे वाताचे स्थान, वाताला स्नेह व उष्णता हा उतारा, तेव्हा खुब्याच्या हाडावर शस्त्रकर्म झाले असता तेल आणि शेक हवाच, असे सरळ अनुमान काढले जाते. अनुमान सुबक आहे, पण त्यात अवस्थेचा विचार नाही. अवस्था न पाहता केलेली चिकित्सा आपल्याच शास्त्राला मान्य नाही.

त्याच सुश्रुतसंहितेत व्रणाचा स्वतंत्र विचार आहे. आगंतु व्रणात आघाताने उसळलेल्या उष्म्याचे शमन करण्यासाठी प्रथम शीत क्रिया सांगितली आहे. सद्योव्रणाच्या प्रकरणात पहिल्या सात दिवसांची चिकित्सा वेगळी मानली असून, दोषांनुसार करावयाचे नेहमीचे उपचार त्यानंतरचे आहेत. परिषेकाचे वर्णन करतानाही पित्त, रक्त व आघात यांपासून झालेल्या शोथासाठी उष्ण नसलेली द्रव्ये योजावीत असा विवेक आहे. आज शल्यचिकित्सक फडक्यात गुंडाळलेली बर्फाची पिशवी पंधरा-वीस मिनिटे मांडीवर ठेवावयास सांगतात, तेव्हा 'थंडाने वात वाढेल' म्हणून आपण नाक मुरडण्याचे कारण नाही. हा वातव्याधीवरचा शीतोपचार नव्हे, ती आघातजन्य शोथावरची क्रिया आहे. बर्फ उघड्या त्वचेवर ठेवू नये, पट्टी भिजू देऊ नये, एवढे पथ्य पाळले म्हणजे झाले.

आता तेल का नको, ते पाहू. पहिले कारण जंतुसंसर्गाचे. शिवलेल्या जखमेखाली धातू व प्लास्टिक किंवा चिनी मातीसारख्या पदार्थाचा सांधा आहे. साध्या जखमेत पू झाला तर तो निचरून जातो. परंतु रोपणाच्या पृष्ठभागावर जंतूंनी ठाण मांडले की औषधे तेथवर नीट पोहोचत नाहीत आणि कधी कधी संपूर्ण सांधा काढून पुन्हा बसवावा लागतो. उघड्या, दुष्ट व्रणावर जात्यादी तेलाचा गुण आपण पाहतो, पण हा व्रण उघडा नाही आणि त्यावरील पट्टी ही त्याची संरक्षक भिंत आहे. तिच्या कडेने तेल वा लेप लावणे म्हणजे भिंतीला भोक पाडणे होय.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. या शस्त्रक्रियेनंतर पायाच्या खोल शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याचा धोका असतो. अशी गुठळी पोटरीत दुखणे व सूज या रूपाने प्रकट होते आणि नेमकी तीच पोटरी घरची माणसे मायेने चोळतात. चोळण्याने गुठळी सुटून फुफ्फुसात गेली तर प्राणावर बेतू शकते. म्हणून या काळात शस्त्रकर्म झालेल्या पायाचे मर्दन करू नये, असे आपण निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. "हलक्या हाताने चालेल" ही सवलत देऊ नये. घरोघरी हलका हात निरनिराळा असतो.

तिसरी गोष्ट बस्तीची. वातासाठी बस्ती श्रेष्ठ, यात शंका नाही. पण बस्ती देताना रुग्णाला डाव्या कुशीवर निजवून उजवा पाय गुडघ्यात व खुब्यात दुमडून पोटाकडे घ्यावयास सांगतात. मागील बाजूने छेद घेऊन केलेल्या सांधेरोपणात खुबा काटकोनाहून अधिक वाकविणे, पाय दुसऱ्या पायावरून पलीकडे नेणे व आत वळविणे या तीन गोष्टी सांधा निखळविणाऱ्या आहेत. उजवा खुबा बदललेला असेल तर बस्तीची स्थिती या मनाईच्या अगदी जवळ जाते, आणि डावा बदललेला असेल तर रुग्ण जखमेवरच निजतो. म्हणून बस्ती पुढे ढकलावी. पुढील बाजूने छेद घेतलेल्या रुग्णांसाठी नियम वेगळे असतात आणि अलीकडे काही शल्यचिकित्सक हे निर्बंध सैलही करतात. कोणता छेद व कोणते निर्बंध, हे रुग्णाच्या कागदपत्रांत पाहूनच बोलावे.

संधिस्थैर्याचा हा विचार आपल्याला परका नाही. मांडीच्या व पायाच्या भग्नासाठी सुश्रुतांनी कपाटशयन सांगितले, फळीवर पाच खुंट्या ठोकून अवयव हलू नये अशी व्यवस्था केली. आज रुग्णाच्या दोन पायांमध्ये उशी ठेवतात, त्यामागील हेतूही चुकीची हालचाल रोखण्याचाच आहे. फरक इतकाच की आता रुग्णाला निजवून ठेवावयाचे नसते. त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी त्याला उभे करावयाचे असते.

गोळ्या बंद करू का?

नाही. या प्रश्नाला इतकेच स्पष्ट उत्तर हवे.

वेदना सहन करणे हा गुण समजण्याची आपल्याकडे रीत आहे. 'फार गोळ्या घेऊ नयेत' हे वाक्य तर प्रत्येक घरात ऐकू येते. परंतु या काळात वेदनाशमन ही चैन नाही, ते चालण्याचे साधन आहे. दुखते म्हणून रुग्ण हलत नाही, हलत नाही म्हणून रक्त साकळते, छाती भरते, मल अडतो, स्नायू ढिले पडतात, आणि मग तो आणखीच हलू शकत नाही. शल्यकर्मापूर्वी वेदना सहन न होणाऱ्यास तीक्ष्ण मद्य पाजावे आणि शस्त्राने झालेली वेदना ज्येष्ठमधयुक्त कोमट तुपाच्या सिंचनाने शमवावी, असे सांगणाऱ्या सुश्रुतांनी वेदनाशमनाला वैद्याच्या कर्तव्यात स्थान दिले होते. त्यांच्या अनुयायांनी रुग्णाला 'सोसा' म्हणणे शोभत नाही.

आधुनिक शास्त्राची आजची पद्धत अशी की एकाच तीव्र औषधाचा मोठा डोस देण्याऐवजी निरनिराळ्या मार्गांनी काम करणारी औषधे एकत्र योजावयाची. पॅरासिटामॉल व शोथशामक गोळी ठरलेल्या वेळी, आणि अफूवर्गीय औषध केवळ गरजेपुरते. डेन्मार्कमधील सहा रुग्णालयांत साडेपाचशेहून अधिक खुबारोपण-रुग्णांवर झालेले एक संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले. नुसते पॅरासिटामॉल घेणाऱ्यांना पहिल्या २४ तासांत मॉर्फिनची मध्यम गरज ३६ मिलिग्रॅम होती. पॅरासिटामॉल व आयबुप्रोफेन एकत्र घेणाऱ्यांत ती २० मिलिग्रॅमवर आली. याचा व्यवहारातील अर्थ असा की ज्या साध्या गोळ्या रुग्ण 'उष्ण' म्हणून टाकून देतो, त्याच त्याला अधिक तीव्र औषधापासून वाचवीत असतात.

तेव्हा रुग्णाला सांगावे : पहिले काही दिवस गोळी दुखण्याची वाट पाहून नव्हे, घड्याळ पाहून घ्या. व्यायामापूर्वी अर्धा-पाऊण तास व रात्री निजण्यापूर्वीची मात्रा चुकवू नका. शोथशामक गोळी रिकाम्या पोटी घेऊ नका. एकादशी असो वा चातुर्मासातील नेम, या दिवसांत उपवास नको. वेदना उतरू लागली की आधी अफूवर्गीय औषध कमी होते, मग शोथशामक, सर्वांत शेवटी पॅरासिटामॉल, आणि हा क्रमही शल्यचिकित्सकाला विचारूनच.

याचा अर्थ आपण डोळे मिटून घ्यावेत असा नाही. जुना अम्लपित्ताचा वा आतड्यातील व्रणाचा रुग्ण, मूत्रपिंड दुर्बल असलेला, हृद्रोगी, रक्तदाबाच्या विशिष्ट गोळ्या घेणारा वृद्ध, यांना शोथशामक औषधे बाधू शकतात. हा इतिहास घरच्या वैद्याला पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतो आणि घाईत असलेल्या रुग्णालयाला कधी कधी नसतो. अशा वेळी गोळी परस्पर बंद न करता शल्यचिकित्सकाला दूरध्वनी करून ती बदलून घ्यावी. असा दूरध्वनी करण्यात कमीपणा नाही, उलट त्यातून वैद्याचा अधिकारच दिसतो.

वैद्याचे खरे क्षेत्र

मग आपल्याकडे देण्याजोगे काही नाही काय? पुष्कळ आहे, आणि ते नेमके तेथे आहे जेथे रुग्णालयाचे लक्ष कमी पडते.

पहिले म्हणजे कोष्ठ. ट्रामाडॉलसारखी अफूवर्गीय औषधे, लोहाच्या गोळ्या, बिछाना आणि कमी पाणी या चौघांनी मिळून मल असा अडतो की रुग्णाला खुब्यापेक्षा पोटाचेच दुःख अधिक होते. जोर केल्याने जखम ताणली जाते आणि अपान प्रतिलोम झाला की झोपही जाते. येथे अनुलोमन हे वैद्याचे पहिले कर्म होय. कोमट पाणी, भिजविलेल्या मनुका, रात्री दुधातून तूप, कोष्ठ पाहून गंधर्वहरीतकी वा अल्प मात्रेत एरंडस्नेह, हे पुरेसे असते. तीव्र विरेचन मात्र कटाक्षाने टाळावे. वॉकर धरून रात्री चारदा शौचकूपाकडे धावणारा रुग्ण पडतो. पाणी पुरेसे न पिणाऱ्याला इसबगोलही देऊ नये, त्याने अडचण वाढते. आणि औषधाइतकेच महत्त्वाचे म्हणजे बैठक : भारतीय पद्धतीचा शौचकूप या काळात वर्ज्य. उंच कमोड किंवा कमोडखुर्ची रुग्ण घरी येण्यापूर्वीच आणून ठेवावी.

दुसरे अग्नी व आहार. शस्त्रक्रियेनंतर अग्नी मंद असतो आणि नेमके तेव्हाच आप्तेष्ट 'हाडे भरून येण्यासाठी' डिंकाचे, मेथीचे लाडू घेऊन येतात. त्यांचा हेतू चांगला, काळ चुकीचा. पहिले दिवस मऊ भात, मुगाचे वरण, तूप, दुधी-पडवळासारख्या भाज्या, मांसाहारी रुग्णास रस्सा, आणि भूक वाढेल तसा प्रथिनयुक्त आहार. साबुदाण्याची खिचडी या दिवसांत मलाची वैरीण ठरते. लाडवांचे दिवस पुढे येणारच आहेत.

तिसरे निद्रा. रात्रीचा ठणका दिवसा झोपल्याने वाढतो. व्रणितासाठी दिवास्वाप निषिद्ध मानला आहे, त्यात हेही एक तथ्य आहे. दिवसा थोड्या थोड्या वेळाने चालणे, सायंकाळी लघु भोजन, पायांमध्ये उशी घेऊन उताणे निजणे, आणि ज्यांना स्नेहाचा आग्रहच आहे त्यांच्यासाठी शिरोभ्यंग. दुसऱ्या, म्हणजे शस्त्रकर्म न झालेल्या, पायाच्या तळव्यास तूप चोळल्यास अनेकांना बरे वाटते. मात्र नंतर तळवा कोरडा पुसून घ्यावा, नाहीतर फरशीवर पाय घसरेल.

चौथे सोबत. सुश्रुतांच्या व्रणितोपासनीय अध्यायात एक मार्मिक गोष्ट आहे : मित्रांनी गोष्टी सांगून व्रणिताचे मन वेदनेवरून दूर न्यावे. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेने १९७९ साली केलेली व २०२० साली सुधारलेली वेदनेची व्याख्याही संवेदनेबरोबर भावनेला स्थान देते. याचा अर्थ घरात भेटायला येणाऱ्यांची रीघ लागावी असा नव्हे. 'आमच्या मेहुण्यांचा सांधा निखळला होता' अशा कथा ऐकविणारे पाहुणे दारातूनच परत गेलेले बरे. रुग्णाला हवा असतो तो त्याच्या शेजारून चालणारा, काल दहा पावले होती आज पंधरा झाली हे मोजणारा एक माणूस.

पाचवे प्रश्न विचारणे. निदानपंचकातील उपशय-अनुपशयाची शिस्त येथे उत्तम कामी येते. वेदना कोठे आहे, जखमेत, जांघेत, मांडीत, पोटरीत की गुडघ्यात? स्वस्थ पडल्यावर किती व उभे राहिल्यावर किती? कशाने वाढते, कशाने शमते? कालच्यापेक्षा आज कशी आहे? शून्य ते दहा या मापात रोज सकाळ-संध्याकाळ हे टिपून ठेवावयास सांगितले तर आठवड्याभरात वेदनेचा आलेख डोळ्यांसमोर येतो.

वेदना जेव्हा इशारा देते

या आलेखाचे मोल असे की अपेक्षित वेदना उतरते आणि धोक्याची वेदना उलट दिशेने जाते. उतरू लागलेली वेदना पुन्हा सतत चढू लागणे हे एकच लक्षण ध्यानी ठेवले तरी अनेक संकटे वेळीच ओळखता येतील. पुढील लक्षणांत कोणतेही औषध न देता रुग्णाला त्वरित शल्यचिकित्सकाकडे वा रुग्णालयात धाडावे :

१. पोटरी वा मांडी दुखणे, ताठणे व एका पायाची सूज वाढत जाणे.
२. एकाएकी धाप लागणे, छातीत दुखणे, रक्तमिश्रित खोकला, घेरी.
३. वळताना वा बसताना 'खट्' होऊन जांघेत असह्य कळ येणे, पाय आखूड व वळलेला दिसणे, त्यावर भार न घेता येणे.
४. जखमेतून स्राव वाहणे, लाली व उष्णता वाढणे, थंडी वाजून ताप येणे.
५. पाऊल वर उचलता न येणे किंवा पायात नवी बधिरता.
६. काळा मल, रक्ताची उलटी, लघवी अडणे, अतिगुंगी.

औषधांचे मेळ आणि बेमेळ

आता औषधालयचालक बंधूंसाठी थोडे सविस्तर लिहिणे आवश्यक आहे, कारण पुष्कळदा रुग्णाचा नातेवाईक वैद्याकडे न जाता थेट दुकानात येतो व 'सांधेदुखीचे काही चांगले द्या' म्हणतो.

खुबारोपणानंतर गुठळी होऊ नये म्हणून रक्त पातळ करणारे औषध, इंजेक्शन वा गोळी, साधारण ३५ दिवसांपर्यंत चालू असते. या काळात गुग्गुळकल्प, हळदीच्या अर्काच्या तीव्र कॅप्सूल, लसणाचे अर्क हे रक्तस्राव वाढविण्याचा संभव असल्याने देऊ नयेत. भाजीतील हळद-लसूण वेगळी आणि अर्काची कॅप्सूल वेगळी, हा भेद गिऱ्हाइकाला समजावून सांगावा. गुग्गुळामुळे डिल्टियाझेम व प्रोप्रॅनोलॉल या औषधांचे रक्तातील प्रमाण घटते असे अभ्यासांत आढळले आहे. हृद्रोगी रुग्णाच्या दृष्टीने ही क्षुल्लक बाब नाही. शस्त्रक्रिया ठरलेल्या रुग्णानेही असे अर्क व कल्प सुमारे दोन आठवडे आधी थांबवावेत आणि आपण काय घेत होतो ते भूलतज्ज्ञाला न लपविता सांगावे.

ट्रामाडॉल घेणाऱ्यास कुचल्याचे कल्प कदापि देऊ नयेत. ट्रामाडॉलने झटक्यांची शक्यता वाढते व कुचल्यातील स्ट्रिक्नीन स्वतःच आक्षेपकारक आहे. शोथशामक गोळ्यांमुळे मूत्रपिंडावर आधीच ताण असताना भस्मयुक्त महायोगराजासारखे कल्पही या काळात नकोत. ज्येष्ठमधाचे पोटात दीर्घ सेवन रक्तदाब वाढविते व पोटॅशियम घटविते. अश्वगंधेने गुंगी वाढू शकते. ही सर्व द्रव्ये आपली आहेत म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाहीत. ज्या द्रव्यात गुण आहे त्यात अवगुणाचीही शक्यता असते, आणि आपले औषध प्रभावी आहे असे म्हणणाऱ्याला हे नाकारता येत नाही.

आधुनिक औषधे विकणाऱ्यांनी दुहेरी मात्रेवर लक्ष ठेवावे. लिहून दिलेल्या गोळीत पॅरासिटामॉल असते, नातेवाईक तापासाठी आणखी एक नेतो, संमिश्र गोळीत तिसरे असते. दिवसाची ४ ग्रॅमची मर्यादा नकळत ओलांडली जाते, आणि कृश वा वृद्ध रुग्णाची मर्यादा त्याहूनही कमी असते. एक शोथशामक चालू असता दुसरे देऊ नये. ट्रामाडॉल हे एच-१ अनुसूचीतील औषध असून एप्रिल २०१८ पासून अंमली पदार्थविषयक कायद्याखालीही आले आहे. चिठ्ठी व नोंदीवाचून त्याची एक पट्टीही जाता कामा नये.

आणि शेवटी, निनावी पुड्यांविषयी. 'गाठीवातावर रामबाण' म्हणून विकल्या जाणाऱ्या काही चूर्णांत स्टेरॉइड मिसळलेले असते, हे या व्यवसायात कोणाला ठाऊक नाही? स्टेरॉइडचे दीर्घ सेवन हे ऊर्वस्थीच्या मस्तकाचा रक्तपुरवठा तुटण्याचे एक प्रमुख कारण आहे. २०२० व २०२१ च्या कोविडसाथीत स्टेरॉइड घ्यावे लागलेल्या काही तरुणांत हाच विकार दिसून आला. तेथे निदान प्राण वाचविण्याचे प्रयोजन होते. पुडीवाल्याजवळ कोणते प्रयोजन असते? ज्या पुडीने खुबा घालविला तीच पुडी शस्त्रक्रियेनंतर वेदनेसाठी पुन्हा घेतली जाते. तिने जखम भरण्यास विलंब होतो व जंतुसंसर्गाला वाट मिळते. उलट नकळत घेतलेले स्टेरॉइड एकाएकी बंद झाले तर शस्त्रक्रियेच्या काळात रक्तदाब कोसळू शकतो. अशी पुडी दुकानात न ठेवणे एवढेच पुरेसे नाही. रुग्णाजवळ ती आहे काय, हे विचारणेही आपले काम आहे. आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद करणारी राष्ट्रीय व्यवस्था नवी दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्वेद संस्थानात आहे. तिच्याकडे आपल्या वैद्यांनी व औषधालयांनी माहिती पाठविण्याची सवय लावून घेतली पाहिजे.

काय करता येईल?

संघटनेच्या शाखांनी तीन गोष्टी सहज कराव्यात. पहिली, वर दिलेली धोक्याची लक्षणे व निषिद्ध उपचार यांचे एक पानी मराठी पत्रक छापून सभासदांच्या चिकित्सालयांत व औषधालयांत लावावे. दुसरी, आपल्या गावातील अस्थिशल्यचिकित्सक व भौतिकोपचारतज्ज्ञ यांना शाखेच्या मासिक सभेस बोलावून, घरी परतलेल्या रुग्णासाठी कोणी काय करावयाचे याची सरळ चर्चा करावी. तिसरी, औषधालयात सांधेदुखीचे औषध मागणाऱ्या प्रत्येकाला दोन प्रश्न विचारण्याची प्रथा पाडावी : अलीकडे शस्त्रक्रिया झाली आहे काय, आणि रक्त पातळ करणारे औषध चालू आहे काय?

जखम पूर्ण भरून आली, शल्यचिकित्सकाने निर्बंध उठविले, गुठळीचा काळ टळला, की वातरोगी म्हणून त्या रुग्णाचा विचार करण्याची वेळ येते. तेव्हा दुसरा खुबा, कंबर, गुडघे, कृश झालेले स्नायू व खचलेले बळ यांच्यासाठी अभ्यंग आहे, स्वेदन आहे, बस्ती आहे, रसायन आहे. तेथे आपले हात कोणी धरलेले नाहीत. त्या दिवसापर्यंत रुग्ण सुखरूप पोहोचावा, एवढ्यासाठी पहिल्या सहा आठवड्यांत तेलाची बाटली मांडणीवरच राहू द्यावी आणि त्याच्या कोष्ठाची, झोपेची व मनाची काळजी घ्यावी.